मशीनचं शून्य कुणाच्या ताब्यात?

जुन्या मशीनवर नवं कंट्रोल बसवून देण्याचं कोटेशन हातात आलं की मी आधी एक ओळ शोधते. सर्वो मोटर, ड्राइव्ह, एन्कोडर, केबल, पॅनेल, वाहतूक, सगळ्यांपुढे आकडे असतात. तळाशी कुठेतरी 'सॉफ्टवेअर सेटिंग' असतं आणि त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, 'समाविष्ट'. ज्या कामावर मशीन अचूक चालणार की नाही हे ठरतं, त्याला वेगळी किंमत नाही, त्याची चाचणी नाही, त्याचा कागद नाही. मालक विचारत नाही, बसवणारा सांगत नाही. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींमधल्या छोट्या वर्कशॉपची मशीनं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे, आणि या एका ओळीपायी किती पैसा आणि किती माणसांचा धीर वाया जातो हे मी रोज बघते. म्हणून आज एका अगदी बारीक जोडणीबद्दल सविस्तर लिहिते आहे. ती समजली की बाकीचं आपोआप समजेल.

बऱ्याच सीएनसी मशीनच्या मोटरमागे असा एन्कोडर असतो: आत एक चकती आणि तिच्यावर बारीक रेघा, कधी 1024, कधी 2500. चकती फिरली की ए आणि बी असे दोन सिग्नल निघतात. दोघांमध्ये पाव रेघेचं अंतर ठेवलेलं असतं, त्यामुळे किती फिरलं आणि कुठल्या दिशेला फिरलं, दोन्ही कळतं. 2500 रेघांच्या चकतीवर एका फेरीत 10,000 काउंट मोजता येतात. बॉलस्क्रूची पिच 10 मिलिमीटर असेल आणि मोटर थेट जोडलेली असेल, तर एक काउंट म्हणजे एक मायक्रॉन.

एवढं बारीक मोजणाऱ्या या एन्कोडरला एक गोष्ट मात्र माहीत नसते. सकाळी मशीन चालू केलं तेव्हा आपण कुठे उभे आहोत, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी चकतीवर एक वेगळी खूण असते, पूर्ण फेरीत एकदाच येणारी. तिचा सिग्नल म्हणजे इंडेक्स. केबलच्या कागदावर त्याला झेड म्हणतात. मशीनच्या झेड ॲक्सिसशी त्याचा संबंध नाही.

मशीन होमला पाठवलं की ॲक्सिस आधी होम स्विच शोधतो. स्विच हा शेवटी पत्र्याचा आणि स्प्रिंगचा. कुलंटचा थर, बर, उन्हाळ्या-हिवाळ्याचा फरक, यांनी त्याची जागा मिलिमीटरच्या काही शतांशांनी मागेपुढे होते. म्हणून स्विच सापडल्यावर ॲक्सिस अगदी सावकाश सरकतो आणि पुढचा इंडेक्स येईल तिथे शून्य धरतो. स्विचने गाव दाखवायचं आणि इंडेक्सने घर. हे नीट जमलं तर काल लावलेले टूल ऑफसेट आज जसेच्या तसे चालतात.

स्पिंडलला इंडेक्स लागतो तो आटे पाडायला. आटे एका दमात पडत नाहीत. टूल त्याच खोबणीतून पुनःपुन्हा जातं, दर वेळी थोडं खोल. प्रत्येक पास स्पिंडलच्या त्याच कोनावर सुरू झाला पाहिजे, नाही तर दुसरा पास पहिल्याचे आटे कापून टाकतो. हाताच्या लेथवर टर्नर थ्रेड डायलकडे डोळे लावून हाफ नट बसवायचा. जुन्या टर्नरांचा हात या क्षणाला कधी चुकायचा नाही. सीएनसीवर तो क्षण इंडेक्स ठरवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. वायरिंग बिनचूक आहे, एन्कोडर नवा आहे, ऑसिलोस्कोपवर इंडेक्स स्वच्छ दिसतो आहे, आणि तरीही मशीन आटे पाडायच्या ओळीवर येऊन थांबतं. स्पिंडल फिरत राहतं, टूल हलत नाही. हे मी अनेकदा पाहिलं आहे. आणि बहुतेक वेळा दोष एका मजकुराच्या फाइलमध्ये असतो.

छोट्या वर्कशॉपना परवडतं म्हणून मी ज्या कंट्रोलवर जास्त काम करते, ते लिनक्स-सीएनसी. त्याची मुळं 1990 च्या दशकात अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेत आहेत. सरकारी पैशातून झालेलं ते काम सर्वांसाठी खुलं होतं. पुढे जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक लोकांनी ते वाढवलं, आणि आजही ते कुणालाही फुकट घेता येतं, उघडून वाचता येतं. त्यात 'हॅल' नावाचा एक थर आहे. मशीनचा प्रत्येक भाग, म्हणजे एन्कोडरची मोजणी, पीआयडी (ड्राइव्हला आज्ञा देणारा हिशोब), होमिंग, स्पिंडल, तिथे आपापल्या पिना घेऊन उभा असतो, आणि कुठली पिन कुठल्या पिनेला जोडायची हे आपण एका फाइलमध्ये ओळीओळीने लिहितो. पॅनेलमधल्या वायरिंगसारखंच वायरिंग, फक्त अक्षरांचं.

बहुतेक पिनांना दिशा असते. काही फक्त लिहितात, काही फक्त वाचतात. इंडेक्स-एनेबल नावाची पिन मात्र दोन्ही करते, आणि गोंधळ इथेच होतो. नाव वाचून नव्या माणसाला वाटतं, ही इंडेक्सची वायर. ती तशी नाही. तिचं काम असं चालतं: होमिंग करणारा भाग त्या सिग्नलवर एक लिहितो, म्हणजे 'मला इंडेक्स हवा आहे'. एन्कोडर मोजणारा भाग ते वाचतो आणि दबा धरून बसतो. खरा इंडेक्स आला की त्याच क्षणी तो आपली मोजणी शून्य करतो आणि त्या सिग्नलवरचा एक पुसून शून्य लिहितो. होमिंगवाला तो शून्य बघतो आणि समजतो की काम झालं. एकच बिट, दोघे लिहिणारे, दोघे वाचणारे. स्पिंडलचंही हेच. आटे पाडायची आज्ञा आली की कंट्रोल एक लिहितं आणि शून्य व्हायची वाट बघतं. कुणी शून्य केलंच नाही, तर ते संध्याकाळपर्यंत वाट बघेल. त्याची चूक नाही. त्याला तसंच सांगितलं आहे.

एन्कोडरचा झेड आत आणणारी पिन थेट या सिग्नलला जोडायचा प्रयत्न केला तर हॅल स्वतःच नकार देतं, कारण फक्त लिहिणारी पिन आणि दोन्हीकडून चालणारी पिन एका सिग्नलवर बसू शकत नाहीत. हा नकार मोलाचा असतो. पण घाईतला माणूस तो न वाचता ओळ काढून टाकतो, इंडेक्स होम स्विचच्या जागी जोडतो, किंवा सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये इंडेक्स वापरू नको असं लिहून मोकळा होतो. मशीन होम होतं. बिल निघतं. आणि मग वर्कशॉपमध्ये दर सोमवारी पहिला जॉब थोडा मोठा किंवा थोडा लहान येतो. ऑपरेटर ऑफसेट बदलतो, मालक ऑपरेटरवर चिडतो.

याहून वाईट चूक ती, जिच्यावर संगणक काहीच बोलत नाही. हॅलमध्ये ज्या नावाचा सिग्नल अस्तित्वात नाही तो नाव लिहिताच नवा तयार होतो. एका ओळीत शब्दांच्या मध्ये आडवी रेघ दिली आणि दुसऱ्या ओळीत खालची रेघ दिली, की दोन वेगळे सिग्नल तयार झाले. एकाच्या टोकाला होमिंग, दुसऱ्याच्या टोकाला एन्कोडर, आणि मधे काही नाही. फाइल बिनतक्रार चढते. पडद्यावर लाल अक्षर येत नाही. एक्सचा इंडेक्स झेडच्या मोजणीला आणि झेडचा एक्सला लागला तरीही तसंच. एक्स सरकत राहतो आणि न हलणाऱ्या झेडच्या इंडेक्सची वाट बघतो, थेट लिमिटपर्यंत किंवा हद्द संपेपर्यंत.

तिसरी गोष्ट जरा खोल आहे, पण हीच मला सर्वात जास्त सांगायची आहे. सर्वो असलेल्या मशीनवर या सिग्नलला तिसरं टोकही लागतं, पीआयडीचं. होमिंगच्या वेळी इंडेक्स आला की मोजणी एकदम बदलते. ॲक्सिस जागचा हललेला नसतो, पण आकडा, समजा, 83 मिलिमीटरवरून शून्यावर येतो, आणि त्याला धरून हुकमाचा आकडाही उडी मारतो. पीआयडी दर मिलिसेकंदाला हुकमाचा वेग काढत असतो, आणि वेगाचा फीड-फॉरवर्ड लावलेला असेल तर त्या वेगाच्या प्रमाणात आज्ञा देतो. ही उडी खोटी आहे हे त्याला कुणी कळवलं नाही, तर एका मिलिसेकंदात 83 मिलिमीटर जायचं आहे असं समजून तो ड्राइव्हला जोरदार आज्ञा सोडतो. एकाच फेऱ्यापुरती, पण ॲक्सिसला झटका बसायला तेवढी पुरते. पीआयडीच्या इंडेक्स-एनेबल पिनेला तो सिग्नल जोडला की तेवढा एक फेरा तो वेगाचा हिशोब जुनाच धरतो आणि झटका जातो. लिनक्स-सीएनसीच्या माहितीपुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. कॉपी केलेल्या फाइलमध्ये ही जोडणी नसली, तर ती नाही हे बघायला पुस्तक वाचलेला माणूस लागतो.

एका मिलिंग मशीनच्या मालकांनी मला बोलावलं तेव्हा ते अगदी टेकीला आले होते. "ताई, बेअरिंग बदललं, कपलिंग बदललं, आता मोटरच बदला म्हणतायत. दर वेळी होमला गेलं की दणका देतंय."

मी म्हटलं, "दादा, मोटरीला हात लावू नका. आधी फाइल दाखवा."

"कसली फाइल?"

त्यांना खरोखर माहीत नव्हतं की त्यांच्या मशीनला अशी फाइल आहे. जो बसवून गेला त्याने ती दाखवली नव्हती, आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी ती उघडली. आत दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनच्या नावाच्या टिपा तशाच राहिलेल्या, पीआयडीची ती जोडणी नाही, आणि वेगाचा फीड-फॉरवर्ड मात्र पूर्ण लावलेला. एक ओळ लिहिली, मशीन पुन्हा चालू केलं, होमला पाठवलं. दणका गेला. मालक काही वेळ बोलले नाहीत, मग बेअरिंगचं बिल काढून माझ्यापुढे ठेवलं. त्या बिलाचा राग मला त्यांच्याइतकाच आला होता. उतरवलेलं बेअरिंग मी हातात घेऊन फिरवून पाहिलं होतं, त्याला काहीही झालेलं नव्हतं.

हे लिहिताना मला कुणा एका बसवणाऱ्याला दोष द्यायचा नाही. आपण त्याला शिकवलं काय, हा माझा प्रश्न आहे. आयटीआयमध्ये मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आहे. तिथून माझ्याकडे येणारी मुलं हाताने हुशार असतात. मल्टिमीटर लावून तुटलेली वायर झटकन शोधतात, लग सुबक दाबतात, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करायची हे त्यांना न सांगता कळतं. पण पडद्यावरची ओळ दाखवून विचारलं, "हा सिग्नल लिहितो कोण आणि वाचतो कोण?" तर गप्प होतात. कुणी त्यांना हे विचारलेलंच नसतं. या एका प्रश्नाची सवय लावली तर अर्ध्या फाइली सुधारतील, असा माझा विश्वास आहे. त्यासाठी महागडी लॅब लागत नाही. जुना संगणक, हातात मावणारा एन्कोडर आणि मोजणीचं एक कार्ड एवढ्यात सगळं दाखवता येतं, आणि सॉफ्टवेअर तर फुकटच आहे.

मोजणीच्या कार्डाबद्दल थोडं सांगते, कारण कोटेशनमध्ये पहिली कात्री तिथेच लागते. पॅरलल पोर्टवर भागवू, असं सांगणारे अजून भेटतात. 1024 रेघांचा एन्कोडर मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरला तर एक रेघ साधारण 58 मायक्रोसेकंदांत जाते. बऱ्याच एन्कोडरांत इंडेक्स रेघेच्या चौथ्या भागाएवढाच असतो, म्हणजे जेमतेम 15 मायक्रोसेकंद. पॅरलल पोर्टवर संगणक साधारण 25 मायक्रोसेकंदांनी एकदा डोकावतो. इंडेक्स कधी दिसणार, कधी हुकणार, आणि ए-बीचे काउंटही गळणार. मोजणी वेगळ्या कार्डावरच व्हायला हवी. तिथे पैसे वाचवू नयेत.

काही जण म्हणतात, ही कटकट खुल्या सॉफ्टवेअरची आहे, मोठ्या कंपनीचं बंद कंट्रोल घेतलं की प्रश्न मिटतो. मोठ्या कंपन्यांची कंट्रोल उत्तम आहेत, मी त्यांचीही कामं करते. पण तिथेही हेच आहे, फक्त त्याला पॅरामीटर म्हणतात. रेफरन्सला जाताना डीसेल डॉग (स्विच दाबणारा ठोकळा) आणि इंडेक्स फार जवळ आले तर तिथेही ॲक्सिस एखाद्या दिवशी एक पूर्ण पिच चुकून होम होतो, म्हणजे 10 मिलिमीटरच्या स्क्रूवर सरळ 10 मिलिमीटर, आणि टूल जॉबमध्ये घुसतं. स्विच सुटल्यापासून इंडेक्स साधारण अर्ध्या फेरीवर यावा असा डॉग बसवणं हा दोन्हीकडचा उपाय. शिवाय बऱ्याच जुन्या कंट्रोलांचे पॅरामीटर बॅटरीवर जिवंत असतात. 2020 च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या मशीनच्या बॅटऱ्या उतरल्या आणि पडदा उघडला तेव्हा आत काहीच नव्हतं. ज्यांच्या पॅनेलच्या दारात पॅरामीटरचा छापील कागद होता त्यांची मशीनं लवकर सुरू झाली. बाकीचे फोन करत बसले.

आणि आमच्या भागात पुराचं पाणीही येतं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या सखल भागातल्या वर्कशॉपमध्ये पाणी शिरलं तेव्हा पॅनेलं गेली, बीड टिकलं. गाईडवे घासून, तेल लावून लोखंड परत उभं राहतं. पण ज्या फाइलमध्ये त्या मशीनचं शून्य लिहिलेलं होतं ती त्याच पॅनेलमधल्या संगणकात होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती, असं झालं की पुन्हा पहिल्यापासून एकेक पिन शोधत बसावं लागतं. पंचवीस-तीस वर्षं जुनं, चांगल्या ओतकामाचं मशीन भंगारात जाण्यापासून वाचवायचं असेल, तर त्या फाइलचं मोल त्या लोखंडाइतकंच मानावं लागेल.

माझी मागणी सरळ आहे. कोटेशनमध्ये कॉन्फिगरेशनची वेगळी ओळ असावी आणि तिच्यापुढे किंमत असावी. ते काम करणारा माणूस त्या किमतीला पात्र आहे, आणि किंमत दिली की जबाबदारीही मागता येते. मशीन ताब्यात देताना फाइली मालकाला मिळाव्यात, प्रत्येक जोडणीपुढे ती कशासाठी आहे हे लिहिलेल्या, मराठीत लिहिल्या तर उत्तमच. टिपांच्या ओळी मशीन वाचत नाही, माणूस वाचतो, आणि इथल्या माणसाची भाषा मराठी आहे. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक कागदावर, आणि दोन्ही मशीनपासून दूर, पाण्याच्या वर.

आणि शेवटचा हप्ता देण्याआधी मालकाने चाचणी समोर करून घ्यावी. ड्राइव्ह बंद ठेवून इंडेक्स-एनेबल सिग्नलवर एक लिहायला सांगावं आणि पडद्यावर सिग्नलची किंमत दाखवणारं हॅलमीटर उघडून ठेवावं. मग स्पिंडल स्वतःच्या हाताने फिरवावं. एका फेरीच्या आत कधीतरी एकचा शून्य झाला पाहिजे आणि मोजणी त्याच क्षणी शून्यावर आली पाहिजे. हेच प्रत्येक ॲक्सिसच्या मोटरवर करून बघावं, म्हणजे अदलाबदल झाली असेल तर तिथेच उघडी पडेल. मग ड्राइव्ह चालू करून डायल गेज लावावा, होमला पाठवावं, मशीन बंद करून पुन्हा चालू करावं, पुन्हा होमला पाठवावं आणि काटा बघावा. लेथ असेल तर एका तुकड्यावर आटे पाडून, स्पिंडल थांबवून, त्याच वेगाने तोच प्रोग्राम त्याच तुकड्यावर पुन्हा चालवावा. टूल त्याच खोबणीत पडलं तर सही करावी. नाही पडलं, तर त्याच माणसाला फाइल उघडायला सांगून शेजारी खुर्ची घेऊन बसावं, आणि प्रत्येक ओळीवर विचारावं, लिहितो कोण आणि वाचतो कोण.